बादल्या मोजा: मंत्रचळासाठी डॉक्टरकडे नेमकं कधी जायचं?

२०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. त्यानंतर माझा दादा फवारणीहून आला की साबण लावून आंघोळ करू लागला, कपडे वेगळे धुवायला लावू लागला. घरात सगळ्यांना बरं वाटलं. पुढच्या वर्षी आंघोळी दोन झाल्या. त्याच्या पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या वावरात फवारणी सुरू असली आणि आपण त्या धुऱ्यावरून आलो, तरी तो उंबऱ्याबाहेर थांबवायचा. "कोणत्या बाजूनं आली तू? पाय धू आंधी." मग कृषी केंद्रातून परत आलेल्या सुट्ट्या नोटा धुऊन दोरीवर वाळायला लागल्या. शेवटी शेवटी वहिनी रोज विहिरीवरून अठरा बादल्या पाणी फक्त त्याच्या धुण्यासाठी आणत होती.

तोवर चार वर्षं गेली होती. सुरुवात शहाणपणाची होती म्हणून ते आजारपण आहे हे आमच्या लक्षातच आलं नाही. "एवढी काळजी घेतो, चांगलंच आहे" असं मीही म्हटलेलं आहे. ज्यांच्या घरात आज असंच काही चाललंय, त्यांची ती चार वर्षं वाचावीत म्हणून हे लिहिते आहे.

आधी आजार ओळखा

मराठीत याला जुना शब्द आहे, मंत्रचळ. डॉक्टर ओसीडी म्हणतात. यात दोन गोष्टी असतात. एक, नको असलेला विचार, जो पुन्हा पुन्हा डोक्यात घुसतो आणि जीव घाबरा करतो. दोन, ती घबराट शांत व्हावी म्हणून केलेली कृती. कृती केली की घडीभर बरं वाटतं, आणि त्या घडीभराच्या बरं वाटण्यामुळेच मेंदू शिकतो की पुढच्या वेळीही हेच करायचं. असं चक्र घट्ट होत जातं. त्या माणसालाही बरेचदा कळत असतं की हे जास्त होतंय. कळूनही थांबता येत नाही, हाच तर त्याचा छळ आहे.

धुणं हा त्यातला सगळ्यांना दिसणारा प्रकार. पण मोटारचा स्टार्टर बंद केला की नाही हे बघायला रात्री तीनदा वावरात जाणं, गोठ्याची कडी लावून दहा वेळा ओढून पाहणं, भांडी एका रेषेत लागेपर्यंत जेवायला न बसणं, हेही तेच. काही जणांच्या कृती बाहेर दिसतच नाहीत. मनातल्या मनात आकडे मोजणं, वाईट विचार आला की ठरावीक वेळा देवाचं नाव घेणं, किंवा घरच्यांना सतत विचारत राहणं: "मी बंद केलं ना? नक्की ना?"

आणि एक प्रकार असा, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. देवासमोर उभं राहिलं की मनात शिवी येते. विळा हातात घेतला की "मी लेकराला मारलं तर?" असा विचार येतो. जवळच्या नात्यातल्या माणसाबद्दल घाणेरडं चित्र डोळ्यांसमोर येतं. ज्याला हे विचार येतात तो त्यांनी हादरून गेलेला असतो. स्वतःला पापी समजतो आणि गप्प राहतो. नुकत्याच बाळंत झालेल्या बायांमध्ये हे घडतं, म्हणून हा परिच्छेद बाळंतिणीच्या माय-सासूनं मुद्दाम वाचावा. असे विचार येणं हे आजाराचं लक्षण आहे, ती तिची इच्छा नाही.

निमहान्स या संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हजार प्रौढांमागे साधारण आठ जणांना हा आजार आढळला. त्या हिशेबानं मोठ्याशा गावात असे दहा-बारा जण सहज निघतील. तुमच्या गावात तुम्हाला किती माहीत आहेत?

सोवळं, सावधगिरी आणि मंत्रचळ

आमची आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. पण अंगात ताप असला, एसटीनं पंढरपूरला निघाली, की तिचं सोवळं आपोआप सैल व्हायचं. रूढीला आजारात, प्रवासात सूट असते. मंत्रचळाला सूट नसते. ताप असो, दुष्काळ असो, टँकर आलेला नसो, धुवायचं म्हणजे धुवायचं.

फवारणीचंही तसंच पाहा. फवारा मारून आल्यावर साबणानं आंघोळ करणं, ते कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता धुणं, हात धुतल्याशिवाय न जेवणं, पंप लहान मुलांच्या हाताला लागू न देणं ही सावधगिरी झाली, आणि ती घ्यायलाच हवी. ती एकदा घेतली की संपते आणि माणूस जेवायला बसतो. मंत्रचळात "झालं" असं वाटतच नाही. दादा म्हणायचा, "साबण लावला हे दिसते, पण लागला असं वाटत नाही." हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर!

सात दिवसांची वही

डॉक्टरकडे जायचं की नाही यावर घरात वाद घालत बसू नका. भावाभावांत, नवराबायकोत यावरून भांडणं होतात आणि महिने निघून जातात. त्यापेक्षा एक दोनशे पानी वही घ्या आणि सात दिवस लिहा.

शक्य असेल तर ज्याला त्रास आहे त्यानंच लिहावं. तो तयार नसेल तर घरच्या एकानं लिहावं, पण सांगून. लपून लिहिलेली वही सापडली की विश्वास जातो आणि तो परत आणायला फार वेळ लागतो. लिहिताना टोकायचं नाही, "पुन्हा धुतलं?" असं म्हणायचं नाही. फक्त नोंद.

प्रत्येक वेळी काय लिहायचं? कशावरून सुरू झालं, किती मिनिटं चाललं, किती पाणी लागलं, घरच्या कुणाला कामाला लावलं आणि त्यापायी कोणतं काम राहिलं. डोक्यात विचार घोळत राहण्याचा वेळही धरायचा, कारण कृती पाच मिनिटांची असली तरी विचार अर्धा तास खातो. आमच्या वहीतली एका दिवसाची नोंद अशी होती: "सकाळी खताच्या गाडीजवळून गेला. चाळीस मिनिटं न्हाणीत. सहा बादल्या. पोरीला टॉवेल घेऊन उभं ठेवलं. शाळेची गाडी चुकली."

मी बादल्यांचा आग्रह धरते, कारण मिनिटं कुणी पाहत नाही आणि बादल्या वाहून आणणारीला त्यांचा आकडा पाठ असतो. तपासण्याचा त्रास असेल तर फेऱ्या मोजा. विचारण्याचा त्रास असेल तर एकच प्रश्न दिवसात किती वेळा विचारला, ते मोजा.

सात दिवसांनी वही उघडून पाहा. विचार आणि कृती मिळून रोज एक तासाहून जास्त वेळ जात असेल, तर डॉक्टरकडे जायचं. एक तास हा आकडा माझा नाही, निदान करताना मनोविकारतज्ज्ञही तो वापरतात. वेळ कमी भरला तरी शाळा, मजुरी, स्वयंपाक किंवा झोप यांतलं काही बुडत असेल, माणूस आतून झिजत असेल, तरीही जायचं. हाताला भेगा पडल्या, रक्त निघालं, पाणी-साबणानं कातडी सोलवटली, तरी जायचं. आम्ही दादाच्या हातांसाठी दोनदा मलम आणलं. दोन्ही वेळा तो दिवसातून किती वेळा हात धुतो हे आम्हीच डॉक्टरांना सांगितलं नाही.

आणखी एक खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: घर त्याच्या नियमावर चालू लागलं का? पाहुणे बंद झाले, पोरं उंबऱ्याबाहेर कपडे बदलू लागली, बायको रोज तीच खात्री देत बसते. घरचे हे सगळं प्रेमानंच करतात, पण त्यानं आजाराला खतपाणी मिळतं.

इथे एका चकव्यापासून सावध करते. मधे एकदा दादाच्या आंघोळी अचानक कमी झाल्या. आम्हाला वाटलं, सुधारला. खरं म्हणजे त्यानं वावरात जाणंच सोडलं होतं. वखरणी चुलत्यावर टाकली, कृषी केंद्रात भाच्याला पाठवू लागला. आजार कमी झाला नव्हता, त्याचं जग लहान झालं होतं. म्हणून वहीत "काय टाळलं" हा रकाना ठेवाच. तो भरत चालला असेल तर मिनिटं कितीही कमी दिसोत, डॉक्टरकडे जायचंच.

वही बाजूला ठेवून लगेच निघायचं केव्हा

मरणाचे विचार बोलून दाखवले, "तुमच्या डोक्याचा ताप संपवतो" असं म्हटलं, तर सात दिवस थांबायचं नाही. त्याच दिवशी घरातली सगळी कीटकनाशकं, तणनाशकं उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. गोठ्यात, कोठ्यात, छपराच्या आड्यावर ठेवलेल्या उरलेल्या बाटल्याही शोधा. त्याला एकटं सोडू नका. "जीव द्यावासा वाटते का?" असं सरळ विचारलं तर विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. काही घेतल्याचा संशय जरी आला तरी उलटी करवण्यात वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

विटाळाच्या किंवा विषाच्या भीतीनं खाणंपिणं सुटलं असेल, तरी लगेच जा. चांगल्या खेळत्या मुलात दोन-चार दिवसांत एकदम असं वागणं सुरू झालं, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालं, तर शरीराचीही तपासणी लागते, म्हणून उशीर नको. बाळंतिणीला नुसते भीतीचे विचार येत नसून आवाज ऐकू येत असतील, रात्र-रात्र झोप नसेल, बाळाबद्दल भलतीच खात्री बसली असेल, तर तो वेगळा आणि तातडीचा आजार आहे. तिला आणि बाळाला एकटं न ठेवता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या.

कुठं जायचं

गावातून सुरुवात फोननं होऊ शकते. टेलि-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज असेल तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. घरात बोलणं ऐकू जाईल असं वाटत असेल तर वावरातून लावा. वहिनीनं पहिला फोन पऱ्हाटीत उभं राहूनच केला होता.

त्यानंतर आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे सगळा उपचार होईलच असं नाही, पण जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले डॉक्टर तालुक्याला कोणत्या वारी येतात हे तिथूनच कळतं. विचारल्याशिवाय जाऊ नका, वार चुकला की दिवसाची मजुरी आणि भाडं दोन्ही जातं. जिल्हा सामान्य रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. याशिवाय नागपूरचं मेडिकल आणि मेयो, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदिया इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, सावंगी मेघेचं विनोबा भावे रुग्णालय, यांपैकी जे जवळ पडेल ते.

नागपूरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे माणूस दचकतो. तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखवून त्याच दिवशी घरी येता येतं. मंत्रचळाच्या बहुतेक रुग्णांना भरती व्हावंच लागत नाही.

तिथे गेल्यावर काय बोलायचं

ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांकडे वेळ कमी असतो आणि आपल्या माणसाची वाचा बसते. "डोकं दुखते, झोप येत नाही" एवढंच सांगून लोक परत येतात आणि झोपेची गोळी घेऊन समाधान मानतात. म्हणून पहिलं वाक्य घरूनच ठरवून जा. "डॉक्टर, मले एकच विचार घडीघडी येते, आणि तो जावा म्हणून मी तेच तेच करतो. दिवसाचे तीन तास जातात. ही वही पाहा." एवढं सांगितलं की पुढचं ते विचारतात. बऱ्याच ठिकाणी दहा प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिचे गुण चाळीसपैकी असतात आणि त्यावरून तीव्रता ठरते. काही महिन्यांनी तीच पुन्हा भरली की फरक आकड्यात दिसतो.

लाजेचे विचार असतील आणि तोंडातून निघत नसतील तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि ते पान डॉक्टरांपुढे ठेवा. घरच्यांना बाहेर थांबायला सांगायचा अधिकार तुम्हाला आहे. असे विचार डॉक्टरांनी शेकड्यांनी ऐकलेले असतात. ते तुम्हाला वाईट माणूस समजत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे.

"मी का पागल आहो?"

दादाचं पहिलं उत्तर हेच होतं. "डोक्याच्या डॉक्टरकडे कावून नेता मले? तुमालेच घाण समजत नाही." यावर आम्ही वर्षभर भांडलो, आणि ती चूक होती. विष आहे की नाही यावर वाद घालून कुणी जिंकत नाही, कारण त्याच्या मनातली शंका पुराव्यानं शमत नाही. काम झालं ते वेगळ्या बोलण्यानं. वहिनी म्हणाली, "तुमचं खरं की खोटं, मले नाही माहीत. पण तुम्ही थकले, मी थकली. थकण्याचं औषध घेऊन येऊ." त्रासाबद्दल बोललं तर माणूस ऐकतो. गावात ज्याचा शब्द तो मानतो अशा एखाद्या मामाला किंवा गुरुजींना सोबत घ्या, चौघांनी मिळून घेरू नका. तरीही नाही म्हणाला, तर घरच्यांनीच आधी जाऊन सल्ला घ्यावा. तेवढ्यानंही घरातलं वागणं बदलायला सुरुवात होते.

आणि पुढे ढकलू नका. आपल्याकडे पेरणी झाली की जाऊ, डवरणी झाली की जाऊ, कापूस घरात आला की जाऊ असं होतं, आणि कापूस घरात येईपर्यंत तुरीचं काम निघतं.

बाहेरची बाधा, करणी असं सांगणारे भेटतीलच. ज्याची श्रद्धा आहे त्यानं देवदर्शन जरूर करावं, मीही जाते. पण कुणी मारझोड, चटके, उपास, साखळी असं काही सुचवलं तर तिथून उठून या. भूत उतरवण्याच्या नावाखाली असं करणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय धुण्याच्या आजाराला आणखी शुद्धीचे विधी सांगितले, की धुणं वाढतंच.

उपचार सुरू झाल्यावर

गोळ्या असतात. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन अशी नावं दिसतील. या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचं व्यसन लागत नाही. पण मनानं एकदम बंद केल्या तर त्रास होतो. पहिल्या आठवड्यांत मळमळ, बेचैनी होऊ शकते. बेचैनी फार वाढली किंवा मरणाचे विचार आले तर लगेच डॉक्टरांना कळवा, तरुण मुलांच्या बाबतीत जास्त लक्ष ठेवा. फरक पडायला आठ ते बारा आठवडे लागतात. इथेच बहुतेक लोक सोडतात: "महिना झाला, काही फरक नाही." थांबा. बरं वाटल्यावरही किमान वर्षभर, कधी जास्त, गोळ्या सुरू ठेवायला सांगतात.

दुसरा उपचार बोलण्याचा आणि सरावाचा आहे, आणि माझ्या मते दादाला उभं त्यानंच केलं. ज्याची भीती वाटते त्याच्या थोडं जवळ जायचं आणि कृती करायची नाही. दादाला आधी कृषी केंद्राच्या पावतीला हात लावून दहा मिनिटं न धुता बसायला सांगितलं. छाती धडधडली, घाम फुटला, मग हळूहळू आपोआप कमी झालं. मग अर्धा तास. मग दुकानात जाऊन उभं राहायचं. हे शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, पायरी-पायरीनं करायचं असतं. घरच्यांनी एके दिवशी ठरवून नळ बंद करणं, साबण लपवणं म्हणजे हा उपचार नाही, ती जबरदस्ती आहे.

घरच्यांचं काम वेगळं. खात्री देणं हळूहळू कमी करायचं, आणि तेही त्याच्याशी ठरवून. "लागलं नाही ना काही?" असं त्यानं विचारलं की वहिनी आता म्हणते, "हा प्रश्न आजार विचारून राहिला. मी उत्तर नाही देत, पण इथं बसते तुमच्याजवळ." पहिले काही दिवस तिला हे फार जड गेलं, ती मागल्या दारी जाऊन रडायची.

शेवटी दवाखान्याच्या खेपांचं. पहिल्या खेपेला वही, आधार कार्ड, आधीचे कागद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. बाईला एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, त्यामुळे सोबतीला माणूस न्यायला कचरू नका. केसपेपरसाठी सकाळी लवकर पोचा. आणि दर महिन्याला गोळ्यांची दहा दिवसांची पट्टी उरली की पुढच्या आणायला निघा. आमच्याकडे पावसाळ्यात नाल्याला पूर आला की दोन-दोन दिवस एसटी गावात येत नाही.